दादाचं वजन

१० फेब्रुवारी १९७४, सातारा
दादा आला. अकरा वर्षांनी. स्टँडवर मी ओळखलंच नाही, त्यानंच हाक मारली. पलटणीतून सुटून विलायतेला गेला तेव्हा सदऱ्यावरून फासळ्या मोजाव्यात असा होता. आज एसटीच्या दारातून अंग तिरकं करून उतरला.
घरी बायकोनं, इंदूनं, ओवाळलं. म्हणाली, भावजींची तब्येत छान सुधारली. शेजारचेही तेच म्हणाले. दादा नुसता मान हलवत होता.

११ फेब्रु.
सकाळी दुकानात नेऊन माप घेतलं. कंबर ४४. जाताना मीच शिवलेली विजार, क. २८. जुन्या वहीत सापडलं. एका आईची पोरं, एका ताटात जेवलेली. माझी अजून २९.
विचारलं, तिकडं खातोस तरी काय. पावाच्या कारखान्यात काम, त्यामुळे गरम पाव हवा तेवढा, वर लोणी. बटाट्याचे तळलेले काप. दिवसाला आठ-दहा चहा. संध्याकाळी बिअर. सगळं एकट्यानं, खोलीवर बसून. म्हणाला,
"हितं भूक लागल्यावर खातो आपण. तिकडं भूक लागायच्या आदीच खाणं म्होरं येतं."
मग दार लोटून घेतलं आणि खरं सांगितलं. तिथल्या डॉक्टरनं बजावलंय, वजन उतरवा, नाहीतर काळीज दगा देईल. म्हणून सहा महिन्यांची बिनपगारी रजा. घरी कुणाला सांगायचं नाही, गावी वहिनीला तर नाहीच. मी हो म्हणालो.

२४ फेब्रु., गावी
मेढ्याला एसटी सोडली. पुढं दीड तासाचा चढ. वहिनी खाली घ्यायला आली होती. त्याची बॅग डोक्यावर घेऊन पुढं. दादा पाच वेळा बसला. ती मागं वळून बघत नव्हती, पण तो बसला की थांबत होती. पाचही वेळा.
गावात एक माणूस लठ्ठ नाही. शिंप्याची नजर, जातेच तिकडं. खाणं कमी म्हणावं तर गडी तीन-तीन भाकऱ्या मोडतात. पण पाणी आणायचं तरी डोंगर, लाकडं आणायची तरी डोंगर. पुरणपोळी, तूप, गूळ यांनाही आवडतंच. सणाला मिळतं. विलायतेत रोजच सण, आणि चालायचं कुठं तर बसच्या थांब्यापर्यंत. एवढंच कारण असणार.

१७ मार्च, सातारा
दादा बाजाराला आला. विजार हातात धरूनच. क. ४१. आत घेऊन दिली. फार खूष. म्हणतो, "वैनीच्या हातची नाचणीची भाकरी अन् डोंगर. दुसरं औषिद न्हाई." माझ्यासमोर बोलताना तिला वैनीच म्हणतो, जुनी सवय.
तिथल्या इटलीवाल्याची गोष्ट सांगितली. कारखान्यात दादाच्याच सरकत्या पट्ट्यावर कामाला. घरून तेलात बुडवलेल्या भाज्या आणायचा, पहिली दोन वर्षं काडीसारखा. मग बायको माहेरी निघून गेली, तोही पाव-लोण्यावर आला. पाच वर्षांत दादाएवढा. पण शेजारचा इंग्रज जन्मभर तेच खातो आणि बारीक आहे. मग कारण काय? दादा म्हणाला, एवढं कळत असतं तर मी पावाच्या कारखान्यात असतो का.
तांब्याभर पाणी प्यायला, मग आणखी एक. ऊन आहेच.

७ एप्रिल
वहिनी एकटीच आली, पोलक्याचं कापड घेऊन. कापड उलगडलं, परत घडी घातली. मग हळूच म्हणाली,
"भावजी, हे लगवीला बसत्यात तिथं मुंग्या लागत्यात. लय."
मी हसलो. म्हणालो, विलायतेची साखर उतरतेय, उतरू दे. तीही हसली. कापड ठेवून गेली.

२१ एप्रिल
दादा सकाळी बाजाराला येऊन गेला. क. ३७. दहा आठवड्यांत सात इंच. दिवसभर गिऱ्हाइकांना हेच सांगत होतो, अकरा वर्षं परदेशानं फुगवलेला माणूस आपल्या भाकरीनं अडीच महिन्यांत माणसात आणला. सगळे माना डोलवत होते.
दुपारनंतर कोर्टाजवळचे डॉक्टर आले, मुलीच्या लग्नाचा सूट घालून बघायला. त्यांनाही सांगितलं. ते आरशातच बघत होते. म्हणाले, "पाणी किती पितात?"
सांगितलं.
"थकतात?"
मला ठाऊक नव्हतं.
मग मी मुंग्यांचं सांगितलं. ते वळले. अर्धवट टाचलेला कोट अंगातून काढला. म्हणाले, उद्या सकाळी त्यांना घेऊन या. उद्याच. वजन उतरलेलं नाही सदाशिवराव, रोग ते खातोय.

२२ एप्रिल
पहिल्या गाडीनं निघालो. मेढ्यापासून अर्ध्या चढावर होतो तोच वरून डोली येताना दिसली. चौघे जण, मागं वहिनी. सकाळी ओकाऱ्या झाल्या, मग बोलणं थांबलं. श्वास जोरजोरात. तोंडाला पिकल्या फळासारखा वास.
डोलीवाल्यांतला एक जण म्हणाला, हलका झालाय गडी. मी खांदा द्यायला पुढं झालो.
खाली जीप मिळाली. साताऱ्यात सलाइन लावली आणि सांगलीला न्या म्हणाले. इंदूचा भाऊ तिथं मोठ्या दवाखान्यात वॉर्डात कामाला आहे, त्यामुळे

२३ एप्रिल, सांगली
काल लिहिता लिहिता उठावं लागलं. अजून शुद्ध नाही. इन्सुलिनची सुई दर थोड्या वेळानं.
वहिनी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलीय. काल सकाळपासून पोटात काही नाही. इंदूच्या भावानं डबा आणला, उघडला नाही.

२४ एप्रिल
दुपारी डोळे उघडले. वहिनीकडं बघून पाणी मागितलं. तिनं आधी नर्सकडं बघितलं, मग दिलं.

२६ एप्रिल
वहिनीला सगळं सांगून टाकलं. तिथल्या डॉक्टरचं, दादाला दिलेल्या शब्दाचं, माझ्या गप्प बसण्याचं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाली,
"मला ठावं असतं तर तुमी हसला तवा मी हसली नसती."
एवढंच. नंतर दादाचे कपडे धुवायला नळावर गेली.
मी सात इंचांचा हिशेब लोकांना सांगत फिरत होतो. माझ्या बोटांना कळत होतं, दर खेपेला टाचताना वाटायचं, एवढं कसं. पण तो विलायतेतून आलेला आणि आपली भाकरी जिंकतेय, यातच मला गोडी.

२ मे
इथले डॉक्टर भले आहेत, बसवून बोलतात. मी विचारलं, एवढा जाडजूड माणूस, मग हा रोग बारीक का करतो? म्हणाले, आधी चरबी रोगाला वाट करून देते. रोग जोरात आला की खाल्लेलं अंगी लागत नाही, अंगच जळायला लागतं. मग विचारलं, तिकडचे लोक लठ्ठ आणि आपले बारीक, हे खाण्यामुळेच ना? म्हणाले, खाणं आहे, बसून काम आहे, पण एका टेबलावर तेच खाऊन एक फुगतो आणि एक फुगत नाही, त्याचं पुरं उत्तर माझ्याकडे नाही. कदाचित पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेलं अंग भरल्या ताटाला बिचकतं. मग खिडकीकडं बघून म्हणाले, आमच्या सांगलीच्या पेठेतलेही येतात हो माझ्याकडे. त्यांना विलायतेला जावं लागलं नाही.
हे मी आधी कुणाला विचारलं नव्हतं. मी फक्त सांगत होतो.

१९ मे, सातारा
दादा आमच्याकडं. रोज दोनदा सुई. वहिनी मोसंब्यावर शिकली, तिसऱ्या दिवशी दादाच्या मांडीवर. इंदूनं तोंड फिरवलं, मी पण.
औषध गार ठेवावं लागतं. ओल्या वाळूत मातीचा डेरा, त्यात बाटली. गावी पोचवायची म्हणजे एसटी, मग तो चढ. जूनमध्ये पाऊस लागला की आठ-आठ दिवस वाट बंद.
दादा म्हणाला, तिकडं औषध फुकट, घराच्या कोपऱ्यावर. ज्या मुलखानं हे केलं त्याच मुलखात त्याला जगता येईल. मी हे बोललो नाही, पण त्याला कळलं असावं. म्हणाला, "मुलकानं न्हाई रं. मीच खाल्लं ते. कुणी भरवलं न्हाई."

९ जून
रजा दहा ऑगस्टला संपते. मी म्हणालो, साताऱ्यात राहा, दुकानात बस, काजं-बटणं कर. तो टेबलावरची बटणं बोटानं सारत बसला. वहिनीला विचारलं. म्हणाली, शेतीचं बघायला कुणी हाय का, ते आदी सांगा. मग थोड्या वेळानं, "अकरा वर्सं म्या वाट बघितली. आता तिकडं सुई द्यायला कोण, ते बी बघाय पायजे." दादा उठून बाहेर गेला.

२३ जून
पाऊस आहे. वहिनीनं दुपारी नवं पोलकं घातलं, एप्रिलमध्ये कापड ठेवून गेली होती तेच. म्हणाली, चला भावजी, फोटो काढायचा हाय. स्टुडिओत दादाला बसू दिलं नाही, एकटीच बसली, सरळ, कॅमेऱ्याकडं बघत. फोटोवाल्यानं विचारलं, पासपोर्टचा का घरात लावायला? मापं वेगळी असतात.
वहिनी म्हणाली, "दोनी काढा."
दादा दारात छत्री धरून उभा होता. परवा मिळतील म्हणाले.