अंगठ्याचा खळगा

प्रिय ठकू,

तू पाठवलेलं पार्सल पोचलं. मेण एक किलो, वातीच्या दोऱ्याचं एक बंडल, काचेचे पेले दोन, वासाची बाटली एक. किमती तू शाईने खोडल्यास, पण दुकानाची पावती तळाशी राहिली होती. सहाशे चाळीस. वहीत टिपून ठेवलंय. एवढ्या पैशांत दोन वर्षं पुरतील इतक्या मेणबत्त्या विकत आल्या असत्या, पण तू मेण कशासाठी पाठवलंस ते मला कळतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, बाबांचे हात थरथरतात तर थरथरू देत, पण रिकामे ठेवू नका.

आधी ते फुरंगटले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आता काय मेण पातळ करत बसू? पण पहिली मेणबत्ती तुझ्या नव्या घरासाठी म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी दाढी करून टेबलाशी हजर. मी गरम पाण्यात भांडं ठेवून मेण वितळवायचं आणि त्यांनी ते गोठेपर्यंत वात मधोमध सरळ धरायची, अशी वाटणी झाली. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, वात काडीला बांधून काडी पेल्यावर आडवी ठेवा. ते म्हणाले, काडी ज्यांना हात नाहीत त्यांच्यासाठी.

पहिल्या खेपेस वात काचेला चिकटली. दुसऱ्या खेपेस उपटूनच आली. मेण वाया कशाला घालवायचं, म्हणून मी पुन्हा वितळवलं. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि चाळीस मिनिटं हलले नाहीत. मी शेजारी नामस्मरण करत उभी, तुझ्या मॅट्रिकच्या निकालाला उभी होते तशी. वात कललीच, कडेला अंगठा रुतून खळगाही पडला. पण बंद पडलेलं घड्याळ चालू झालं की ते मागे टेकून बसायचे ना, तसे बसले. आपणहून दुसरा कप चहा मागितला.

इथे माझं शहाणपण नडलं. वात कडेला असली तर काच तडकेल, नव्या घरात नको ते व्हायचं, शिवाय तुझी सासरची माणसं काय म्हणतील. दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी ती वितळवली आणि विणायच्या सुईला वात बांधून पुन्हा ओतली. अगदी सरळ आली. मला वाटलं, पुण्य केलं.

उठल्यावर त्यांनी पेला उचलला, डोळ्याला भिंग लावलं, एकदाच फिरवून पाहिला. अंगठ्याचा खळगा नव्हता. "ही माझी नाही," म्हणाले. मग पेला टेबलावर ठेवून, "दुसऱ्याचं काम माझं म्हणून मी गिऱ्हाइकाला कधी दिलं नाही." ओरडले असते तर बरं झालं असतं गं.

आज सहा दिवस झाले. टेबलाकडे फिरकत नाहीत. लग्न झाल्यापासून भिंतीवरच्या घड्याळाला रोज सकाळी किल्ली देत आलेत, हात थरथरायला लागल्यावरसुद्धा. आता तीही देत नाहीत. घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबलंय. माफी मागितली तर म्हणतात, तुझं काय चुकलं, काम सुबक आहे. देवापुढे बसते, पण नेमकं काय मागावं तेच सुचत नाही.

सोबतची मेणबत्ती ती सरळवाली, माझी. दुसरा पेला रिकामा आहे आणि त्याच्यापुरतं मेण मी राखून ठेवलंय. मी सांगितलं तर त्यांना ती दया वाटेल, म्हणून तूच लिही. मला नको, त्यांच्या नावाने लिही. फोनवर ते येत नाहीत, पण कागद भिंग लावून अक्षर न् अक्षर वाचतात. खोटं काही लिहू नकोस. आईच्या हातची मिळाली, बाबांच्या हातची कुठे आहे, एवढंच विचार. उलट टपालाने पाठव. तोवर मीही घड्याळाला हात लावत नाही.

तुझीच,
वाट बघणारी आई