माझ्या कुलपांच्या दुकानाचा वारस

मी, कुलपांचा कारागीर, ज्याला सगळे मास्तर म्हणतात तो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे आणि कोणी मानगुटीवर बसलेलं नाही. थोरली मुलगी समोर बसली आहे खरी, पण ती शिक्षिका असल्यामुळे तिचा डोळा फक्त शुद्धलेखनावर आहे.

१. राहतं घर मुलीच्या नावे. धाकट्या चिरंजीवांना तिथे हयातभर राहण्याचा हक्क राहील; विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा नाही. ही अट मुलीने घातलेली नाही. चिरंजीव स्वतःच म्हणाले, "बाबा, ताईचंच नाव घाला. मला अजून माझाच भरवसा नाही." इतकं शहाणपणाचं आमच्या घरात आजवर कोणी बोललेलं नाही.

२. बँकेतील शिल्लकही मुलीला. भावाच्या उपचारांपायी तिने स्वतःचं लग्न दोनदा पुढे ढकललं. जावई थांबला, हे आमचं नशीब.

३. ड्रिल मशीन मेहुण्याला. तसंही ते कित्येक वर्षं त्याच्याकडेच आहे. "पोराला घराबाहेर काढा," असा सल्ला त्याने मला फुकट दिला होता. तो मात्र त्याने परत न्यावा.

४. दुकान, चाव्या कापायचं यंत्र आणि सगळ्या कानशी धाकट्याला. यावरून घरात भांडण झालं, म्हणून कारण नोंदवून ठेवतो.

पोराला वाद्यवृंदात गिटार वाजवायची होती. वाजवायचाही छान. मग पावडरीचा नाद लागला. आधी गिटार गेली, नंतर कपाटातल्या आईच्या बांगड्या. कपाटाच्या कुलपावर साधा ओरखडा नव्हता. बायको रडत होती आणि मी कुलूप उजेडात धरून त्याच्या हाताची सफाई बघत बसलो. मला चक्क अभिमान वाटला! मग मी आणखी अवघड कुलूप बनवलं, त्याने तेही उघडलं. असं बाप-लेकाचं बरेच महिने चाललं. त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं, हे मला नाही, त्याच्या आईला सुचलं. त्याला बरा झालेला बघायला ती राहिली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता दीड-दोन वर्षं तो पावडरीपासून दूर आहे. रोज दुकान झाडतो, किल्ल्या घासतो, माझी बोलणी खातो. दुकान मी त्याला देऊ शकतो. पण आमच्या धंद्यात लोक घराच्या किल्ल्या हातात देतात, आणि तो विश्वास मला कागदावर लिहून देता येत नाही. तेवढ्या एका काळजीने झोप लागत नाही.

ठिकाण : दुकानाची मागची खोली
दिनांक : या महिन्याचा पहिला सोमवार, दुकान बंद असण्याचा वार
सही : मास्तर

साक्षीदार :

१. व्यसनमुक्ती केंद्राचे डॉक्टर. (सही)

२. शेजारचा चष्मेवाला. (सही) मास्तरांनी माझ्यासमोर सही केली. नशेच्या त्या दिवसांत त्यांच्या मुलाने रात्री माझ्याही दुकानाचं कुलूप उघडलं होतं. काल नवं कुलूप मी त्याच्याकडूनच बसवून घेतलं, आणि जादा किल्ली त्याच्याकडेच ठेवायला दिली आहे.