चौथीचं दुसरं वर्ष

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज भर वर्गात मला तुझा राग आला. मी आता कुंभारवाड्याच्या शाळेत शिकवते, हे तुला कुठून ठाऊक असणार! आज मुलांना एक चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होते. त्यात चार भावंडं आहेत, चार देशांतून येऊन एका आईची झालेली. एकीचे केस कुरळे, एक गव्हाळ, एकाला भात लागतो तर एकीला भाकरीच. पुढच्या बाकावरची कुरळ्या केसांची सिद्दी मुलगी चित्रावर बोट ठेवून ओरडली, "अक्कोरू, ही माजी केसं!" अक्कोरू म्हणजे मी, त्यांची बाई. सगळी हसली, मीही हसले. मग शेवटचं पान आलं. त्यात आई दारात उभी राहून चौघांना चार वाटांनी जाऊ देते, आणि प्रत्येकाला त्याच्या नावानं हाक मारते. तिथं मी वाचायची थांबले आणि पाण्याचा तांब्या उचलला. मुलांना वाटलं, बाईंना ठसका लागला.

तू आम्हा दोघींना कधी वेगळी हाक मारलीस? "पोरींनो" एवढंच. एकाच ताग्यातले दोन झगे, उळवीच्या जत्रेत एकाच रंगाच्या बांगड्या. ते जाऊ दे. पण चौथीचं काय? मी चौथी पास झाले. पाचवीसाठी जंगलातून इथं कुंभारवाड्याला चालत यायचं होतं, आणि धाकटी आत्ता कुठं चौथीत जात होती. कोकमं फोडून लाल झालेले हात पदराला पुसत तू शाळेत आलीस आणि गुरुजींना म्हणालीस, "थोरलीला आनि येक वर्स हितंच बसवा. म्होरल्या वर्साला दोगी संगट जातील. वाटंत अस्वल हाय." झालं! तीच पुस्तकं, तेच धडे, तोच बाक. वाडीतली पोरं मला नापास म्हणायची. मी नापास नव्हते, आये, पहिली आले होते! दोन पोरी म्हणजे बैलजोडी नव्हे, हे तुला एकदाही सुचलं नाही?

धाकटी आता गणेशगुडीला एका लॉजवर स्वयंपाक करते. संध्याकाळी तिला फोन करून हे सगळं ओकले. वाटलं, ती तरी हळहळेल. ती उलट माझ्यावरच उखडली. "मला तरी कुनी इचारलं? सगळी म्हनायची, हिच्यापायी थोरली मागं ऱ्हायली. मला येकटीनंच जायाचं व्हतं." घे, दोघींचंही तूच बिघडवलंस.

हे पत्र कुठं पाठवणार, वहीतच राहील. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी आज फोनवरही बोलले नाही. त्या दिवशी तू निघून गेल्यावर गुरुजींनी मला जवळ बोलावलं होतं. म्हणाले, "तुला जायाचं असंल तर सांग, मी तुझ्या आईला समजावतो." मी खाली बघून म्हटलं, "हितंच बसते." तुझ्याहून जास्त मलाच त्या अस्वलाची भीती होती.