चिकणमातीतलं अंजीर

चि. बापूस,

ताईचा आशीर्वाद. (हा रीत म्हणून. समोर असतास तर पाठीत धपाटा बसला असता.) तुझी कंबर बरी असेलच, खड्डे मी खणले होते.

तू आलास, चहा उकळायच्या आत परसात एक फेरी मारलीस, ओल्या मातीचा गोळा बोटांत चोळून "तायडे, सोनं आहे" म्हणालास आणि डाळिंब, अंजीर, लिंबू अशी रोपं माझ्या गळ्यात मारून निघून गेलास. माती चिकण आहे, पाणी मुरत नाही, हे मी घसा फोडून सांगत होते. (तू फोनवर होतास.) पाऊस लागला आणि तुझे खड्डे हंड्यासारखे भरले. अंजिराची पानं पिवळी पडली. बाबांना वाटलं, झाड तहानलंय. माझी पाठ वळली की ते तांब्या घेऊन हजर. शेवटी कुजक्या मुळांचा वास स्वयंपाकघरात शिरला, तेव्हा मी पदर खोचून उपटायला गेले. अंजीर एका हिसक्यात हातात आलं आणि मी त्याच्यासकट चिखलात बसले. (हसू नकोस.) शेजारच्या शिवणबाईंनी ओढून काढलं. चपला अजून आतच आहेत.

आता झाडं मी निवडणार. ओढ्याकाठी जाऊन पाहून आले: वाळुंज आणि जांभूळ वर्षानुवर्षं पाण्यात पाय सोडून मजेत उभी आहेत. खड्डा नाहीच, मातीचा उंचवटा करून त्यावर लावायची. तर बाबांना जांभूळ नको. म्हटलं, "अहो बाबा, पिढ्यान्‌पिढ्या टिकतं." म्हणाले, "पिढ्यांचं पिढ्या बघतील. मला खुर्ची टाकून बसता येईल असं लवकर काय वाढतं, ते लाव." मी जांभळाचा नाद सोडला. त्याचाही राग तुझ्यावरच.

मुलांना पापा. तुला नाही.

तुझी ताई

ता. क. वाळुंज भराभर वाढतं म्हणे. उंचवट्याची माती वाहायला माणसं मिळतात, पण बाबा म्हणतात, बापू येऊ दे. रजा काढ. जुनी पँट आण, मतं घरी ठेव.

आणखी ता. क. बाबांना पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, "एवढं बोललीस तर तो यायचा नाही. रागाचं तेवढं खोड." खोडत गेले, तर कागदावर काही उरेना. म्हणून आहे तसंच पाठवते. ये.