मुअत्तरसाठी एक मिनिट

२० मे, सोमवार

सकाळी चहा आणि कालचा नान. मग मुअत्तरच्या कबरीवर जाऊन आलो. दुपारी तोजीखॉनचा फोन. अंगणात तुती पडून डाग झालेत, झाडलं नाही.

तोजीखॉन म्हणजे माझ्या बायकोच्या, मुअत्तरच्या टीमची जुनी कॅप्टन. आता स्पर्धेच्या कमिटीवर आहे. अंदिजानला पाच देशांच्या हॉकी टीम आल्या आहेत, पुरुषांच्या आणि बायकांच्याही. म्हणाली, भावजी, रविवारी चार वाजता बायकांची फायनल आहे. त्याआधी मुअत्तरसाठी अख्खं स्टेडियम एक मिनिट उभं राहणार. आमच्या गोलकीपरला असं तसं जाऊ देणार नाही आम्ही. तिची स्टिक घेऊन या, गोलमध्ये ठेवायची आहे. आणि वेळेवर या.

वेळेवर या, हे दोनदा सांगितलं. ही बाई पहिल्यापासून सगळ्यांवरच ओरडते.

निश्चय: रविवारपर्यंत रोज एक मॅच पाहायची. खेळ नीट कळला पाहिजे. लोक काही विचारतील, उत्तर देता आलं पाहिजे.

२१ मे, मंगळवार

गेलो नाही. ऊन फार.

स्टिक काढली. मागच्या खोलीत खिळ्याला होती. मुठीवरची पट्टी तिनेच गुंडाळलेली, हाताच्या जागी काळी पडली आहे. पुसणार होतो. पण लाकूड जुनं, पाणी लागायला नको. परत खिळ्याला लावली.

उद्या नक्की.

२२ मे, बुधवार

स्टेडियमच्या गेटपर्यंत गेलो. जाळीतून आतलं दिसत होतं. हिरव्या टर्फवर पाणी मारत होते. मुअत्तर रोज संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडायची, त्याची आठवण झाली. शिंपडून झालं की कमरेवर हात ठेवून म्हणायची, चला, आता टीम आली तरी हरकत नाही. टीम कधी आली नाही. मला घरात गर्दी चालत नाही हे तिला माहीत होतं.

गेटवर लक्षात आलं की शर्टावर तुतीचा डाग आहे. पाहुण्या देशांसमोर असं जाणं बरं नाही. परत आलो.

२३ मे, गुरुवार

केस कापले. आमच्या गल्लीतला न्हावी सोबीर, याच्या तोंडाला कात्रीपेक्षा धार जास्त. सूट दाखवायला नेला होता, रविवारी हाच घालायचा. म्हणाला, आका, यात अजून एक माणूस मावेल, त्याला तिकिटाशिवाय आत न्या. हसलो. फेब्रुवारीत मुअत्तर गेली, तेव्हापासून थोडा उतरलो आहे, इतकंच.

मग साबण लावता लावता म्हणाला, पण आका, खरं सांगा, वहिनींची एक तरी मॅच पाहिलीत का हो तुम्ही?

पाहिली आहे. लोक उगाच बोलतात. एका वर्षी आमच्या कालव्याच्या ऑफिसात तपासणी होती, तरीही गेलो होतो. शेवटची दहा मिनिटं मिळाली. सगळा वेळ चेंडू पलीकडच्या टोकाला होता आणि मुअत्तर आपल्या गोलमध्ये नुसती उभी होती. घरी येताना मला म्हणाली, बरं झालं उशिरा आलात, आज मला काही कामच नव्हतं. म्हणजे उशिरामुळे काहीही बिघडलं नव्हतं. हे सोबीरला सांगितलं. तो वस्तरा चालवत राहिला.

२४ मे, शुक्रवार

आज आत गेलो! आपल्या उझबेक मुली विरुद्ध कझाक मुली. चांगली सावलीची जागा मिळाली. शेजारच्या म्हाताऱ्याने तंदुरातला गरम सोमसा खायला दिला. म्हणाला, तुमची कोणी खेळते का? म्हटलं, खेळायची.

आपली गोलकीपर पॅड बांधायला खाली बसली. आधी डावा, मुअत्तर घरी बांधून पाहायची तसाच. पट्टा ओढून टाच दोनदा जमिनीवर आपटली.

बुटात खडा गेला होता. काढायला बाहेर आलो, तोवर मॅच सुरू झाली. मध्येच उठून लोकांच्या पायांवरून जाणं शोभत नाही. ही मॅच पाहिलेल्यांत धरायला हरकत नाही.

२५ मे, शनिवार

ताश्कंदहून दिलनवोजचा फोन. तिचं बाळ तापाने फणफणलं आहे, येता येत नाही. म्हणाली, बाबा, तुम्ही जा हं. आईसाठी जा. या वेळी तरी. या वेळी तरी म्हणजे काय, ते विचारलं नाही. लाइन खराब होती.

उद्याचा विचार केला. तोजीखॉन चार म्हणाली खरी. पण सात वाजता पुरुषांची फायनल आहे, तिला स्वतः हाकिमसाहेब, म्हणजे प्रांताचे प्रमुख, येणार आहेत. गेलेल्या माणसाचा मान मोठ्या पाहुण्यांसमोरच करतात. चारला हाकिम नाही, निम्म्या खुर्च्या रिकाम्या, ऊन डोक्यावर. कमिटीतला कोणीतरी शहाणा माणूस हे सातवर नेणारच. आयुष्यभर सरकारी कामं पाहिली आहेत, मला हे कळतं.

तरी चारलाच जाईन. उगाच तोजीखॉन ओरडायला नको. आभाराचे चार शब्द मनात तयार केले आहेत.

२६ मे, रविवार. दुपार.

दाढी केली. स्टिक टॉवेलात गुंडाळून दाराशी ठेवली. तीनला तयार होतो. पण बसल्यामुळे पँटची घडी चुरगळली होती. इस्त्री गरम करायला घेतली. पँट झाल्यावर शर्ट. मग कोटाच्या बाह्या. आजच्या दिवशी घाई करायची नाही. होणार तर सातलाच आहे.

स्टेडियमचा लाउडस्पीकर घरापर्यंत ऐकू येतो. सकाळपासून गाणी चालू होती. मध्येच बंद पडली. एकदम सगळं शांत. गल्लीतसुद्धा. वाटलं वीज गेली. इस्त्रीला ओलं बोट लावून पाहिलं. चर्र झालं. वीज होती.

मग परत आवाज सुरू झाला. टाळ्या, आणि मग शिट्टी.

दुसरी बाही केली.

संध्याकाळ

साडेसहाला गेटवर पोचलो. तोजीखॉन गेटशीच उभी होती, डोळे सुजलेले. मला वाटलं आता ओरडणार. ओरडली नाही. म्हणाली, भावजी, झालं हो ते.

म्हणाली, चारला झालं, ठरल्याप्रमाणे. तुमची खुर्ची पुढे ठेवली होती, कुणाला बसू दिली नाही. आम्ही सगळ्याजणी मैदानात उतरलो. गोलकीपर पोरगी गोलमधून बाजूला झाली. पूर्ण मिनिट गोल मोकळा ठेवला. मग आमच्यातल्या एकीने हात वर धरले, दुआ मागून तोंडावरून फिरवले, तेव्हा परक्या देशांच्या मुलींनीही तसंच केलं. त्यांना काय कळलं असेल, पण केलं.

मी विचारलं, स्टिक नव्हती ना.

म्हणाली, नव्हती. आम्ही वाट पाहिली. मॅच पाच मिनिटं उशिरा सुरू केली.

मग तिने टॉवेलातली स्टिक हातात घेतली. मुठीवरच्या काळ्या पट्टीवर अंगठा ठेवला. हाकिमसाहेबांची गाडी आली, तिला हाक आली, तिने स्टिक परत दिली. म्हणाली, आत चला, पुरुषांची मॅच पाहा. म्हटलं, नको, सूट सैल आहे.

आभाराचे शब्द सांगायचे राहिले.

घरी आलो. कोट खुंटीला, स्टिक खिळ्याला. अंगणातल्या तुती झाडून काढल्या. मग बादली भरली आणि हाताने पाणी शिंपडलं, दारापासून भिंतीपर्यंत.