उजवा कौल आणि काळा पडदा

कोरगाव, पेडणे

चि. प्रज्योत यास कृष्णनाथकाकाचे आशीर्वाद. फोंड्यात तुझी तब्येत बरी असेल, जेवण वेळेवर होत असेल असे धरून चालतो. इकडे सगळे खुशाल, असे लिहायला मात्र हात धजत नाही. (फोन केला नाही, कारण या घरात फोनवर बोललेले तुझी काकी परसातूनही ऐकते.)

अरे, मी हादरलो आहे! शिगम्याला आलास तेव्हा तू आमच्या संगणकात विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवून गेलास. चालू केला की काळ्या पडद्यावर दोन नावे येतात, दहा सेकंद वाट बघतात, आणि मी चष्मा शोधेपर्यंत वरचे, म्हणजे लिनक्स, आपसूक उघडते. काकीला ते सोयीचे. तिच्या आईच्या आवाजातली बायकांच्या धालो नाचाची गाणी तू तिथेच ठेवलीस ना! सासूबाई गेल्यापासून ती रोज सकाळी गाणी लावून भाकऱ्या भाजते. माझा पत्त्यांचा डाव मात्र विंडोजमध्ये. वर कोणी असावे यावरून रोज तंटा. शेवटी मी आपल्या रीतीप्रमाणे देवळात कौल लावला. विहीर कुठे खणावी हे जो सांगतो, त्याला एवढे कळणार नाही? धाकू गुरवाने गाऱ्हाणे घालता घालता दोनदा माझ्या तोंडाकडे बघितले, पण कौल उजवा पडला, देवाने होकारच दिला. विंडोज वर!

देवाचाच हुकूम, मग मी कशाला थांबतो? मेनूची फाइल उघडली. खालचे नाव वर कसे न्यावे ते काही कळेना, तेव्हा वरच्या सगळ्या ओळीच पुसल्या (वरचे गेले की खालचे वर येणार, यात माझे काय चुकले?) आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. प्रज्योत, दोन्ही नावे गेली! काळा पडदा, त्यावर ‘ग्रब’ एवढाच शब्द आणि पुढे लुकलुकणारी रेघ. काकी पिठाच्या हातांनी बाहेर आली, पडद्याकडे बघितले आणि म्हणाली, “माझ्या आवयचो आवाज देवान पुसूक सांगलो तुमका?” त्या क्षणापासून अबोला. कौल देवाने दिला आणि जेवण बंद व्हायची पाळी माझ्यावर आली.

तुझा हबकलेला,
कृष्णनाथकाका

ता. क. खरे सांगतो, डाव गेला तर गेला. तू रविवारी ये आणि आधी गाणी आहेत का ते बघ. नसली तर मला उंबऱ्याबाहेर बोलावून सांग. तिला काय तोंड दाखवू ते मला सुचत नाही.

आणखी ता. क. पुता, हे मी काकी लिहिते. पाकीट डकवायचा डिंक कुठे आहे, हे यांना मलाच विचारावे लागले. आईची सगळी गाणी शेजारच्या सुविधाने पाडव्यालाच माझ्या फोनवर घालून दिली आहेत. काजू वेचताना ऐकते. यांना सांगितलेले नाही. अबोला धरल्यापासून हे न सांगता पाणी भरतात, नारळ खवून देतात, आणि मी भाकऱ्या भाजायला बसले की दाराशी उभे राहून आईची गाणी स्वतः म्हणतात. सूर नाही, अर्ध्या ओळी चुकतात. पण लग्न झाल्यापासून माझ्यासाठी कधी गायले नव्हते रे. या रविवारी येऊ नकोस.