एक माणूस जास्त

स्प्रिंगफील्ड लेक्स, इप्सविच
रविवार, ९ ऑगस्ट २०२६

ती. बाबांना,
चित्राचा सा. न. वि. वि.

तुमचे कानाचे यंत्र पुन्हा कपाटात गेल्याचे मैथिलीने कळवले. फोनवर तुम्ही हो हो म्हणता आणि काहीच ऐकू आलेले नसते, त्यापेक्षा पत्र बरे. मैथिलीचे औषधांचे दुकान तुमच्या खालीच आहे हे आपले नशीब. मी पाठवलेला पत्राचा फोटो ती कागदावर छापून देईल. तुम्ही लिहिलेत की त्याचाही फोटो पाठवील.

बातमी अशी की मी सहा आठवड्यांसाठी इथल्या शिरगणतीच्या कामाला लागले आहे. ग्रंथालयातले तीन दिवस सांभाळून उरलेले दिवस गळ्यात ओळखपत्र आणि डोक्यावर टोपी. यतिन म्हणतो, सासऱ्यांचे शिरगणतीचे वतन तू समुद्रापार नेलेस. अनुष्काला मात्र लाज वाटते. तिच्या मैत्रिणीच्या रस्त्यावर जाऊ नकोस, अशी तिची एकच अट आहे.

हे शहर नेमके आहे तरी काय, असे तुम्ही विचारले होते. २०२१च्या मोजणीत सव्वादोन लाखांच्या वर माणसे निघाली. ही भूमी मूळची युगारा आणि उगारापूल लोकांची. मग चुनखडी भाजायला कैदी आणले आणि वस्तीचे नावच लाइमस्टोन पडले. पुढे कोळसा, पुढे रेल्वेचे कारखाने. राज्यातली पहिली रेल्वे इथूनच सुटली. राजधानी मात्र ब्रिस्बेनने नेली आणि तो सल काही म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून डोकावतो. आमचे उपनगर अगदी अलीकडचे. पस्तीस वर्षांपूर्वी इथे निलगिरीची झाडे आणि गुरे होती. तळीसुद्धा माणसांनी खोदलेली. आता माझ्या एका गल्लीत सामोअन, पंजाबी, फिलिपिनो आणि मल्याळी घरे आहेत. दाराबाहेरच्या चपलांवरून आत माणसे आहेत की नाहीत ते मला आधीच कळते.

परवा जुन्या खाणींच्या बाजूला एका आजींना कागदी फॉर्म द्यायला गेले होते. नाव सांगत नाही, तसा नियम आहे. त्यांनी काय भरले तेही मी पाहिले नाही. पण चहावर गप्पा झाल्या. त्यांचे पणजोबा वेल्समधून खाणीत कामाला आले. त्यांची आजी वेल्श भाषेत प्रार्थना करायची आणि त्याच भाषेत रागावायची. या आजींकडे आता त्यातले एक भजन उरले आहे, पाठ, पण त्याचा अर्थ माहीत नाही. व्हरांड्यात उभे राहून त्यांनी ते पूर्ण म्हणून दाखवले आणि मग बिस्किटांचा डबा पुढे केला. मी गाडीत येऊन बसले, पण किल्ली फिरवायला वेळ लागला.

तुमची खोली तयार आहे. सहा वर्षे तयार आहे. या वेळी नाही म्हणू नका.

तब्येतीला जपा आणि मुलीवर माया असू द्या.
तुमची,
चित्रा

* * *

कराड
१२ ऑगस्ट २०२६

चि. सौ. चित्रलेखास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचले. आजींचे नाव लिहिले नाहीस ते योग्य केलेस. प्रगणकाने दारात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहावे, त्याच्या माजघरात डोकावू नये. १९८१ साली शनिवार पेठेतली एक बाई मुलांची संख्या बोलायला तयार नव्हती, दृष्ट लागेल म्हणून. शेवटी ती आत गेली आणि उंबऱ्यावर ज्वारीचे दाणे मांडून परत फिरली. मी दाणे मोजले. सात. पोरींचे दाणे मांडले आहेत का, असे विचारल्यावर आणखी तीन आले.

लाइमस्टोन हे नाव बदलायला नको होते. चुन्याचे गाव म्हणजे कसे काम कळते.

येण्याचे म्हणशील तर माझे दातांचे काम चालू आहे. वाचनालयाची वार्षिक सभाही डोक्यावर आहे. शिवाय येत्या फेब्रुवारीत आपल्याकडची गणना. त्या वेळी मी घरात हवाच. मोजणारी बाई दारात आणि माजी प्रगणकाच्या घराला कुलूप, हे शोभत नाही. तेव्हा पुढच्या वर्षी बघू.

यतिनरावांना सांग, वतन आहे पण त्यात जमीन नाही. अनुष्काला गोड पापा.

देव तुम्हा तिघांना सुखात ठेवो.
बाबा

* * *

स्प्रिंगफील्ड लेक्स
१६ ऑगस्ट २०२६

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचे पुढचे वर्ष मी आता डायरीत लिहिणे सोडून दिले आहे. सहा डायऱ्यांत ते आहे.

आज वेगळ्याच कारणासाठी लिहिते. मंगळवारी, ११ तारखेला, गणनेचा दिवस होता. जेवणे झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. त्या संध्याकाळी घरात असलेली तीन माणसे. जन्म कुठला, शिक्षण काय, सगळे सुरळीत. मग प्रश्न आला, ही व्यक्ती घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा वापरते का. माझ्यापुढे आणि यतिनपुढे मराठी लिहिले. अनुष्काच्या नावाशी थांबले. ती सोफ्यावर पाय पसरून बसली होती. तिला विचारले, तर मान वर न करता इंग्रजीत म्हणाली की ऑब्व्हियसली इंग्लिश.

बाबा, तिचे म्हणणे खरे आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. तिला समजते सगळे, पण वापरते म्हणावे असे काही नाही. तरीही मी मराठी लिहिले आणि फॉर्म पाठवून दिला. त्या क्षणी मला व्हरांड्यातले ते भजन ऐकू येत होते.

दुसऱ्या दिवशी टोपी घालून मी लोकांना सांगत फिरले की फक्त खरे लिहा, या आकड्यांवरून शाळा आणि बसमार्ग ठरतात. तिसऱ्या दारापाशी स्वतःचीच लाज वाटली. यतिन म्हणतो, नो वरीज, एवढ्याने इप्सविच बुडणार नाही. इप्सविच पुरात बऱ्याचदा बुडते हा भाग वेगळा. पण मी खोटे लिहिले का? तुम्ही सांगाल ते मी मानीन.

लोभ आहेच, तो या कबुलीनंतरही राहावा.
चित्रा

* * *

कराड
२० ऑगस्ट २०२६

चि. सौ. चित्रलेखास,
अनेक आशीर्वाद.

विचारलेस म्हणून सांगतो. उत्तर चुकीचे आहे.

चूक कुठे झाली तेही सांगतो. आपल्या फॉर्ममध्ये मातृभाषा विचारतात, म्हणजे लहानपणी आई मुलाशी जी भाषा बोलली ती. तू लहान असताना रविवारी माझ्या शेजारी बसून या सूचना वाचायचीस. तू उत्तर दिलेस ते आपल्या प्रश्नाचे. तुमच्या सरकारने विचारले होते मूल काय बोलते, आई काय बोलते ते नव्हे. भारताचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या रकान्यात पडले.

गणनेत आपली इच्छा लिहायची नसते, असेल ते लिहायचे. दुरुस्त करता येते का ते विचार.

रागावलो नाही. नीट जेव.
बाबा

* * *

स्प्रिंगफील्ड लेक्स
२९ ऑगस्ट २०२६

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमच्या आज्ञेप्रमाणे फोन केला. पलीकडच्या मुलीने दोनदा विचारले की माणूस चुकलाय की भाषा. भाषा म्हटल्यावर ती समजुतीने म्हणाली की मी मनावर घेऊ नये, पाठवलेला फॉर्म आता माझ्याकडून उघडणार नाही. मी तिचे आभार मानले. माझी कबुली घ्यायलाच कोणी तयार नाही, असे वाटले.

अनुष्काने हे सगळे ऐकले. मी तिच्या नावावर खोटे बोलले असे ती म्हणेल, या तयारीत मी होते. ती उठली, खोलीत गेली आणि दार हळू लावले. एरवी ते आपटते. मला आपटलेले चालले असते.

तुमचा निवाडा बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक विचारू का? चार ओळींत तुम्ही माझी चूक दाखवलीत. तुमच्या हातून कधी रकाना चुकला नाही का? तुमच्याइतके सरळ मला कधी जमले नाही, याचे ओझे मी इथवर वाहून आणले आहे. हे वाक्य खोडावे असे दोनदा वाटले. ठेवते आहे.

राग न मानता लिहा.
चित्रा

* * *

कराड
५ सप्टेंबर २०२६

चि. चित्रास,
खूप खूप आशीर्वाद.

हे पत्र मैथिलीला फोटो काढायला देताना मी ते पाहू नकोस असे सांगितले आहे. ती म्हणाली, आजोबा, तुमचे अक्षर मला तसेही लागत नाही.

१९९१ची गणना ९ फेब्रुवारीला सुरू झाली. आपली गल्ली माझ्याच गटात होती. १० तारखेला मी आपल्या घरी आलो, तर तुझ्या आईने मला आत येऊ दिले नाही. आधी कडी वाजवा म्हणाली. मग खुर्चीवर बसवून चहा दिला आणि साहेब विचारा म्हणून पदर सावरून समोर बसली. वय दोन वर्षांनी कमी सांगितले. मी खरे तेच लिहिले, म्हणून संध्याकाळपर्यंत रुसली होती. तू अकरा वर्षांची होतीस, दारामागे हसत होतीस.

२७ तारखेला ती गेली. किती अचानक, ते तुला माहीत आहे.

त्या गणनेचा क्षण होता १ मार्चचा सूर्योदय. त्याआधी कोणी वारले असेल तर पुढच्या पाच दिवसांत पुन्हा फिरून ते नाव कमी करायचे. पर्यवेक्षक घरी आले. तुम्हाला सुतक आहे, दुसरा माणूस पाठवतो म्हणाले. मी नको म्हटले. सगळ्यांना वाटले, काय हा कर्तव्याचा माणूस. मी शिकवत होतो त्या शाळेत पुढे माझा सत्कारही झाला. खरे असे की दुसरा कोणी आला असता तर त्याने तिच्यावर रेघ मारली असती. गल्लीतली दोन नावे मी नियमाने कमी केली. आपल्या घरापुढे तीनच ठेवली.

त्या वर्षी देशाची संख्या चौऱ्याऐंशी कोटींच्या वर निघाली. वर्तमानपत्रात आकडा आला तेव्हा त्यात एक माणूस जास्त आहे, हे मला एकट्याला माहीत होते. पुढे २००१ला मी काम मागून घेतले नाही. पाठ दुखते असे सांगितले.

सरळपणाचे ओझे तू वाहिलेस ते माझे नव्हतेच, बाळ. ते तिथेच कुठेतरी ठेवून दे.

माझ्यावरचा तुझा विश्वास कमी झाला तरी प्रेम कमी करू नकोस.
बाबा

* * *

इप्सविच
१३ सप्टेंबर २०२६

प्रिय आजोबा,
नमस्कार.

हे लेटर मी स्वतः लिहितेय. आई किचनमध्ये आहे आणि तिला हेल्प करायला अलाउड नाही. फक्त दोन वर्ड्स विचारले.

आईने तुमचं लेटर मला वाचून दाखवलं. ती थोडी रडली, मग साबुदाण्याची खिचडी केली. मी तिला विचारलं की आजी अजून काय काय जोक करायची, तर ती खूप वेळ सांगत होती. मला आजीबद्दल फक्त फोटो माहीत होता. ती तुम्हाला कडी वाजवायला लावायची हे बेस्ट आहे.

मी रूममध्ये गेले होते ते रागावून नाही. मला गिल्टी वाटलं. आईने रॉन्ग आन्सर लिहिलं कारण मी राइट आन्सर देत नव्हते. म्हणून आता रूल केलाय. सकाळी उठल्यापासून स्कूलची बस येईपर्यंत आणि शनिवारी पूर्ण आर्व्हो, म्हणजे दुपारभर, घरात मराठी. जो चुकेल त्याने भांडी घासायची. बाबा रोज घासतो. तो ऑफिसच्या कॉलवर असतो आणि म्हणतो की ते काउंट होत नाही. आम्ही काउंट करतो.

अजून एक. आजीला फॉर्ममध्ये ठेवलं ते मला चीटिंग वाटत नाही. चौऱ्याऐंशी कोटींत एक म्हणजे मॅथ्समध्ये राउंडिंग एरर.

तुम्ही या ना. मी नीट बोलते की नाही ते कोणीतरी चेक करायला पाहिजे. आई बायस्ड आहे, तिला सगळंच छान वाटतं.

खूप प्रेम,
अनुष्का

ता. क. खाणीजवळच्या त्या आजींचं नाव आई मलाही सांगत नाही.

* * *

कराड
२० सप्टेंबर २०२६

चि. सौ. चित्रलेखा आणि चि. अनुष्का, दोघींना
अनेक आशीर्वाद.

अनुष्का, तुझे पत्र मी मैथिलीला, दाताच्या डॉक्टरांना आणि वाचनालयाच्या सभेत अध्यक्षांना दाखवले. कुणीही न मागता. पण तुझे एक गणित मला मान्य नाही. मोजणीत माणूस कधीच राउंडिंग एरर नसतो. तसे असते तर दारोदार हिंडायचे कशाला? तुझ्या आजीने ज्या थाटात उत्तरे दिली, ती तू ऐकायला हवी होतीस.

तेव्हा जास्तीचा एक कसा कमी करायचा, यावर आठवडाभर विचार केला. नियम असा आहे की जो माणूस ९ ते २८ फेब्रुवारी या काळात एकही दिवस घरी नसेल आणि परदेशी असेल, त्याची नोंद इथे होत नाही. शाळेतल्या ज्या बाई घरांची यादी करायला आल्या होत्या, त्यांच्याकडूनही खात्री करून घेतली. त्यांना वाटले, म्हाताऱ्याला यादीतून नाव गळण्याची भीती आहे. मी म्हटले, उलटे आहे.

म्हणजे चित्रा, १९९१ला आपल्या घरातून एक जास्त गेला आणि २०२७ला एक कमी जाईल. छत्तीस वर्षांनी बेरीज जुळते. यात खोटे काही नाही, मी खरोखरच इथे नसेन.

यतिनरावांना ५ फेब्रुवारीचे तिकीट काढायला सांग. परतीचे अजून काढू नका. १ मार्च उजाडला की पुढचे अनुष्काची तयारी पाहून ठरवू. नापास झाली तर मुक्काम वाढेल, तेव्हा तिने फार अभ्यास करू नये. कानाचे यंत्र दुरुस्तीला टाकले आहे. त्या भजनवाल्या आजींना चालत असेल तर त्यांचे भजन मला एकदा ऐकायचे आहे. नाव सांगू नकोस, नुसते नमस्कार करीन.

मैथिलीकडे किल्ली ठेवणार आहे. फेब्रुवारीत कोणी मोजायला आले आणि वर कोण असते असे विचारले, तर काय सांगायचे ते तिला पढवले आहे. या घरात आता कोणी नाही, दोघेही नाहीत, असे सांग म्हटले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि बरे आजोबा म्हणाली.

येतो आहे. तोवर माया साठवून ठेवा.
बाबा